खालचा परिच्छेद

रविवारी नोटांच्या प्रेसचा भोंगा वाजत नसे, म्हणून त्या दिवशी घराला जाग आणायचं काम अण्णा स्वतः करत. आठवडाभर आमचं सगळं त्या भोंग्यावर चाले. पहिल्या भोंग्याला आई चहाचं आधण ठेवी, दुसऱ्या भोंग्याला अण्णा डबा घेऊन कामावर निघत आणि संध्याकाळच्या भोंग्याला आम्ही दोघी बहिणी अभ्यासाला बसत असू. रविवारी मात्र अण्णा उजाडताच आंघोळ उरकून, इस्त्रीचा सदरा घालून नाशिक रोड स्टेशनवर चालत जात आणि मुंबईहून गाडीने येणारं इंग्रजी वर्तमानपत्र घेऊन येत. पेपरवाला घरी टाकायला तयार होता, पण तो सायकलवरून फेकताना घडी मोडतो, अशी अण्णांची तक्रार होती. ते परत येईपर्यंत आईची थालीपिठं सुरू झालेली असत. तव्यावर झाकण पडल्यावर आतून येणारा तो चुरचुर आवाज आणि फाटकाची कडी, हे दोन्ही एकदम कानावर आलं की रविवार लागला. आता माझ्या फ्लॅटला फाटक नाही आणि एकटीसाठी थालीपीठ लावायचा मला कंटाळा येतो. रविवार आला हे मला मोबाइल सांगतो.

अण्णा म्हणजे माझे वडील, तुझे पणजोबा. इरा, मागच्या खेपेला आलीस तेव्हा त्यांची वही उघडून तू खूप हसली होतीस. निळ्या कापडी पुठ्ठ्याची ती लांबट वही अजून माझ्या कपाटात आहे. तिच्यात त्यांनी पट्टीने आखलेले तीन रकाने आहेत: विषय, मत, कारण. रविवारच्या पेपरातल्या बातम्यांवर घरात वाद होत आणि संध्याकाळी अण्णा निकाल लिहीत. टेलिव्हिजन. घरात नको. माणसं बोलायची थांबतील. नवीन गणित. अनावश्यक. जुनं अजून आलेलं नाही. दोन पक्षांचं मिळून सरकार. टिकणार नाही. एका चुलीला दोन सासवा. तुला याचं हसू आलं आणि मलाही येतं, पण आमच्या घरात त्या वहीचा धाक होता. वाद हवा तेवढा घालावा, मात्र शाई पडली की मत फिरवायचं नाही, असा अण्णांचा नियम होता. या नियमाला कारण घडलं होतं. एका निवडणुकीत अण्णांनी आमच्या भागातल्या उमेदवारासाठी दारोदार फिरून मतं मागितली होती, चपलेचा अंगठा तुटेपर्यंत. तो निवडून आला आणि पावसाळा संपायच्या आत दुसऱ्या पक्षात गेला. ज्या ज्या घरी अण्णांनी त्याच्यासाठी शब्द टाकला होता, त्या घरांवरून जाताना ते कितीतरी दिवस मान खाली घालत. त्यानंतर ही वही आली.

आज हे लिहिताना मनात येतं की अण्णा हल्लीचं राजकारण बघायला नाहीत ते बरंच आहे. सकाळच्या चहाला एका पक्षातला माणूस दुपारच्या जेवणाला दुसऱ्या पक्षात असतो आणि दोन्हीकडे हार तोच घालतो. मी चिडते, टीव्ही बंद करते, पुन्हा लावते. आमच्या इमारतीसमोरच्या शाळेतल्या बाई वर्ग सोडून कसली तरी यादी तपासत घरोघर फिरत असतात आणि मुलं मैदानात उनाडत असतात. मी एकदा बाईंना याबद्दल हटकलं, तर त्या म्हणाल्या, "आजी, तुम्हीच एक अर्ज करा." मी केला. उत्तर आलं नाही.

तर पेपर वाचायचं काम माझं होतं. मी इंग्रजी शाळेत होते आणि घरात मीच एक इंग्रजी वाचता वाचता त्याचं मराठी करून सांगू शकत असे. अण्णांना ऑफिसपुरतं इंग्रजी येत होतं, पण बातमी ऐकावी आणि ऐकताना डोळे मिटावेत, हे त्यांना आवडे. शेजारचे दाणीकाका हातात स्वतःचा कप घेऊन यायचे. ते मला रेडिओबाई म्हणत. "चला रेडिओबाई, काय काय बुडालं ते सांगा," असं म्हणून ते दाराजवळच्या स्टुलावर बसत. घरची रीत अशी की वाचताना कोणी हात वर केला की वाचन थांबवायचं आणि वाद सुरू करायचा. त्यामुळे बातमी शेवटपर्यंत क्वचितच जाई. ती गेली नाही याची खंत कोणालाच नव्हती. बातमी आम्हाला वादासाठी हवी असे, जसं वाती वळायला कापूस हवा.

ताई, म्हणजे तुझी कुसुमआजी, माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. तिला मराठी शाळेत घातलं होतं, कारण तेव्हा अण्णांनी वहीत लिहिलं होतं, शिक्षण मातृभाषेतच. ती मॅट्रिक झाली, टायपिंग शिकली आणि तिने टेलिफोन ऑपरेटरच्या जागेसाठी अर्ज केला. तेव्हा दुसऱ्या गावी फोन करायचा तर आधी टेलिफोन केंद्रातली बाई नंबर विचारून जोडून द्यायची. ताईचा आवाज त्याच कामासाठी घडवला असावा असा होता, स्वच्छ आणि बिनघाईचा. मुलाखतीच्या आधी महिनाभर ती पोळ्या लाटता लाटता सराव करी. लाटणं कानाशी धरून म्हणे, "आई, नंबर प्लीज." आई तव्यावरून नजर न काढता म्हणे, "चार पोळ्या. लाव लवकर." रात्रीच्या भाताला घोटीच्या तांदळाचा वास सुटलेला असायचा आणि ताई मला इंग्रजी आकडे म्हणायला लावून स्वतः तपासायची. मी मुद्दाम भरभर म्हणे, ती अडखळली की हसे. एके दिवशी नेमणुकीचं पत्र आलं. पंधरा दिवसांत होकार कळवायचा होता. आईने ते पत्र देवासमोर ठेवलं, आणि ताईने ते उचलून पुन्हा वाचून परत ठेवलं, असं दिवसातून तीनचारदा झालं.

पत्र आल्यानंतरच्या रविवारी मी ती बातमी वाचली. मोठ्या शहरांतली टेलिफोन केंद्रं स्वयंचलित होणार, नंबर फिरवला की यंत्रच जोडून देणार, मध्ये बसणाऱ्या माणसांची गरज उरणार नाही. एवढं वाचेपर्यंत दाणीकाकांचा हात वर गेला.

"थांबा, रेडिओबाई. म्हणजे सगळ्या मुली घरी?"

"सगळ्या मुली घरी," मी म्हटलं. हे शब्द बातमीत नव्हते.

अण्णांनी डोळे उघडले. "कोण म्हणतंय हे?"

"खात्यातले मोठे अधिकारी."

"माझ्या मेव्हण्याच्या गिरणीत असंच झालं," दाणीकाका म्हणाले. "यंत्र आलं ते पेढे वाटून. पुढच्या वर्षी पेढे वाटणारेच घरी बसले."

आई पदराला हात पुसत बाहेर आली. "अहो, पण पोरीला पत्र आलंय."

"पत्र आलंय म्हणूनच विचार करायचा."

ताई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिच्या बोटांना थालीपिठाचं पीठ होतं. "यंत्र येईपर्यंत तर करू दे ना, अण्णा."

"आणि आल्यावर? पंचविशीची झालेली, नोकरीवरून काढलेली मुलगी. मग कोण विचारील?"

वाद चांगला तासभर रंगला. दाणीकाका एकदा यंत्राच्या बाजूने बोलले, एकदा विरोधात, कारण त्यांना दोन्ही बाजू येत. माझ्या हातात पेपर उघडाच होता आणि बातमीचा शेवटचा परिच्छेद मी मनात वाचला होता. जिल्ह्याच्या गावांपर्यंत हा बदल पोचायला पुष्कळ वर्षं लागतील, आणि सध्याच्या मुलींना खात्यातच दुसरं काम देण्यात येईल. मी तो वाचून दाखवला नाही. का नाही, याचं नीट उत्तर मला आजही देता येत नाही. मी चौदा वर्षांची होते. मोठी माणसं माझ्या वाक्यांवर हिरिरीने भांडत होती, अण्णा दोनदा "शाबास, पुढे?" म्हणाले होते, आणि त्या परिच्छेदाने सगळ्यातली हवा गेली असती. एवढंच होतं बहुतेक. गरम थालीपीठ आलं, मी पेपराची घडी घातली आणि लोण्याचा गोळा मधोमध ठेवला.

संध्याकाळी वहीत शाई पडली. कुसुमची नोकरी. घेऊ नये. यंत्र. अण्णा मत दिल्यावर कृतीला वेळ लावणारे नव्हते. सोमवारी प्रेसला जाताना त्यांनी नकाराचं पत्र पोस्टात टाकलं.

सोमवारी दुपारी मी शाळेतून आले तेव्हा ताई ओट्यावर पेपर पसरून बसली होती. शेजारी माझी शाळेची डिक्शनरी होती. एका परिच्छेदासाठी तिला दुपार लागली असावी, कारण कडेला तिने पेन्सिलीने बारीक अक्षरात अर्थ लिहिले होते.

"शैले, हे शेवटचं तू वाचलं होतंस?"

मी बूट काढत राहिले.

"मला नीट कळलंय का एवढंच सांग. पुष्कळ वर्षं लागतील, असंच आहे ना?"

"हो."

"मग तू सांग अण्णांना. मी सांगितलं तर म्हणतील, तुला इंग्रजी कितपत येतं. तुझ्यावर विश्वास आहे त्यांचा."

ती रागावली नाही. रागावली असती तर मी कदाचित त्याच संध्याकाळी सांगून मोकळी झाले असते. सोमवारी मी गप्प बसले. मंगळवारी अण्णांचं डोकं दुखत होतं, निदान मी स्वतःला तसं सांगितलं. ताई रोज संध्याकाळी माझ्याकडे एकदा बघायची आणि ताटं घ्यायला उठायची. बुधवारी जेवणं झाल्यावर मी पेपर त्यांच्यापुढे ठेवला आणि खालच्या ओळींवर बोट ठेवलं.

अण्णांनी चष्मा लावून स्वतः वाचलं, ओळीखाली बोट फिरवत. मग पेन्सिलीने लिहिलेले अर्थही वाचले.

"हे रविवारी का नाही वाचलंस?"

"वाद चालू होता."

"आणि वाद संपल्यावर?"

आईच मध्ये पडली. "मग झालं तर. उद्या कुसुमला घेऊन जा आणि सांगा, ते पत्र चुकून गेलं. मुदत आहे अजून."

अण्णांनी पेपर जुन्या घड्यांवरच मिटला. "मत दिलं गेलंय."

"मी एकटी जाते," ताई म्हणाली. "तुम्ही येऊ नका. मी सांगेन, चूक माझी झाली."

"सोमवारी नको म्हणायचं आणि गुरुवारी हवं म्हणायचं. आमदारांना शोभतं ते. आपल्याला नाही."

ताई त्यांच्यासमोर जमिनीवर बसली. तिच्या तोंडून अण्णांना उलट शब्द गेलेला मी त्याआधी ऐकला नव्हता. "मला शाळेत घातलंत तेव्हा वहीत लिहिलंत, शिक्षण मातृभाषेतच. मग शैलाला इंग्रजी शाळेत कसं घातलंत?"

अण्णा खोटं बोलणारे नव्हते, म्हणून त्यांना उत्तर शोधावं लागलं. "ते नवीन मूल होतं," ते म्हणाले. "नवीन मुलाला नवीन मत."

"मग आज मला नवीन समजा."

अण्णा उठले आणि हात धुवायला गेले. हात त्यांनी जेवण झाल्यावर धुतलेच होते. मोरीतून पाण्याचा आवाज खूप वेळ येत राहिला. आई माझ्याकडे बघत होती, ताई माझ्याकडे बघत नव्हती. आता वाटतं, चूक झाली हे अण्णांना त्याच क्षणी कळलं होतं. मत फिरवणाऱ्या माणसाची त्यांना इतकी शिसारी होती की तसा माणूस त्यांना स्वतःला होता येईना. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला किंवा ताईला बोल लावला नाही. पण पुढच्या रविवारपासून ते पेपर स्वतः वाचू लागले, मनातल्या मनात. दाणीकाका एकदोनदा कप घेऊन आले, स्टुलावर बसले, म्हणाले, "आज रेडिओ बंद?" आणि मग यायचे थांबले. वहीत त्यानंतर चारपाच पानंच भरलेली आहेत.

ताईचं लग्न पुढच्या वर्षी झालं. तिचे यजमान नामपूरला हायस्कुलात शिक्षक होते, सज्जन माणूस. ती तिकडे गेली, कांद्याच्या लिलावांच्या गावात रुळली, अहिराणी शिकली, तिला दोन मुलं झाली. कितीतरी वर्षांनी, माझं लग्न होऊन मिहीर झाला तेव्हा, मला तिला कळवायचं होतं. मी नाशिकच्या केंद्रातून नामपूरचा फोन मागितला, तर पलीकडून बाईचा आवाज आला, "नंबर प्लीज." मी नंबर सांगायचा विसरून तशीच उभी राहिले. त्या बाईंचा आवाज ताईपेक्षा जाड होता. यंत्र आमच्याकडे पुरतं आलं तेव्हा ताईची मुलगी तिच्याच वडिलांच्या हायस्कुलात जात होती. ताईच्या घरी फोन गल्लीत पहिला आला होता. सगळ्यांचे निरोप तिथेच येत आणि ताई ओट्यावर उभी राहून एकेकाला हाका मारी. मी एकदा तिच्याकडे राहायला गेले असताना ते पाहिलं. तिला मजा येत होती. मी आत जाऊन भांडी विसळत बसले.

आता तुझ्याविषयी, इरा. तुला भाषा शिकायच्या आहेत, दुभाषी व्हायचं आहे. तुझ्या प्रवेशाचं पत्र आल्याचं तू मला आधी सांगितलंस, आईबाबांच्याही आधी, आणि मी ते डोळे पुसत ऐकलं. मागच्या आठवड्यात तुझ्या बाबाने, म्हणजे माझ्या मिहीरने, मला मोबाइलवर एक बातमी पाठवली. यंत्रं आता सगळ्या भाषांतून सगळ्या भाषांत बोलतील, दुभाष्यांची गरज उरणार नाही. खाली त्याने लिहिलं होतं, आई, तूच सांग तिला. तुझं ती ऐकते.

यंत्रांविषयी मला मतं पुष्कळ आहेत. माझ्या गोळ्यांच्या वेळा सांगणारं यंत्र मला आवडतं. तुझ्या मराठी चुका तुझ्याआधी दुरुस्त करणारं यंत्र मला आवडत नाही, कारण त्या चुकांवरून मला तू ओळखू येतेस. पण या बातमीवर मला मत सुचेना. मी ती तीनदा वाचली. दोन परिच्छेदांनंतर अक्षरं फिकी होत जात होती आणि खाली चौकट होती, पुढे वाचण्यासाठी वर्गणीदार व्हा. मी मिहीरला व्हिडिओ कॉल लावला.

"तू ही शेवटपर्यंत वाचलीस का रे?"

"आई, मथळ्यातच सगळं आलंय."

"खाली काय आहे?"

"तेवढंच उघडतं. सगळीकडे हेच लिहितात आता. आम्ही तिच्याशी बोललोय. तिला कॉम्प्युटरकडे घालतोय."

त्याचा चेहरा पडद्यावर थांबून थांबून हलत होता. ज्या पोराला मी पाटीवर अक्षरं गिरवायला शिकवलं, तो आता पन्नाशीकडे झुकलाय, आणि मी इतक्या लांब आहे. मी फोन ठेवला आणि नामपूरला ताईला लावला.

"कशी आहेस?"

"बरी शे," ती म्हणाली. माझ्याशी ती मुद्दाम अहिराणी बोलते. मी तिला सगळं सांगितलं. बातमी अर्धीच उघडते, हेही सांगितलं. एवढ्या वर्षांत त्या रविवाराचा शब्द तिने काढला नव्हता, मीही काढला नव्हता. एकमेकींच्या मुलांची बारशी, लग्नं, अण्णांचं आजारपण, आईचं जाणं, सगळं आम्ही दोघींनी त्या गोष्टीला वळसा घालून पार पाडलं होतं.

"मग भर वर्गणी," ताई म्हणाली. "आणि या वेळी शेवटपर्यंत वाच."

मी भरली. कार्डाचा नंबर दोनदा चुकला. शेवटच्या परिच्छेदात असं आहे की हा बदल किती लवकर आणि कुठपर्यंत होईल, हे आज कोणीच सांगू शकत नाही, आणि जिथे एका शब्दावर माणसाचं बरंवाईट अवलंबून असतं, तिथे माणूस लागेल असं काही जाणकारांना वाटतं. काहींना तसं वाटत नाही. मी यातलं काही गाळलेलं नाही आणि पदरचं काही घातलेलं नाही. मिहीरला मी हे वाचून दाखवलं. तो म्हणाला, "आई, आता ठरलंय. परत फिरवलं तर तीच गोंधळेल." बोलताना त्याने चष्मा काढून पुसला. चष्मा स्वच्छच होता.

प्रवेश घ्यायची मुदत या महिनाअखेरपर्यंत आहे, असं तू म्हणाली होतीस. माझं मत मी तुला सांगणार नाही. बाबाशी काय बोलायचं तेही सांगणार नाही, कारण मला ते माहीत नाही. हे सगळं मी आज संध्याकाळीच तुला पाठवते आहे. तुला मराठी वाचायला वेळ लागतो हे मला ठाऊक आहे, शब्द अडले तर कडेला अर्थ लिहीत जा. एक दुपार जाईल. जाऊ दे.